कॅन्सरची जीन्स आणि डायबिटीसची देखभाल, एकाच संशोधकाच्या नावावर दोन्ही कसं काय?

बंड्यामामा

नमस्कार मंडळी. माझी भाची जेनेटिक्समधे एमएस्सी झालीये आणि आता पीएचडीसाठी गाइड शोधतेय. एका मॅडमचं नाव तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, मेल जाऊन त्यांचं उत्तरही आलंय आणि लवकरच व्हिडिओ कॉल आहे. मी कॉमर्सवाला माणूस, दहावीनंतर बायोलॉजीशी संबंध फक्त रक्ताच्या रिपोर्टपुरता, पण घरात नेटवर खोदकाम करायची खाज मलाच, म्हणून ताई म्हणाली की बघ रे जरा या बाईंनी काय काय छापलंय, पोरीची चार-पाच वर्षं जाणार आहेत.

तर बसलो पबमेड (मेडिकल पेपरांची नेटवरची यादी) उघडून आणि डोकं चक्रावलं. अर्धी यादी कॅन्सरच्या जीन्सची आहे, प्रोस्टेट, मोठं आतडं, घराण्यात चालत येणारा ब्रेस्ट कॅन्सर, नावं वाचतानाच जीभ अडकते. आणि उरलेली अर्धी डायबिटीसच्या देखभालीची, म्हणजे इन्सुलिन कधी सुरू करावं, केमो चालू असताना शुगर कशी सांभाळावी, मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांमधे कॅन्सर कमी दिसतो का, असलं. मला वाटायचं संशोधक म्हणजे एकच विहीर खोल खणणारा माणूस. इथे तर दोन डगरींवर पाय दिसतोय.

माझे प्रश्न साधे आहेत. हे दोन विषय खरंच शेजारी आहेत की नुसते पेपर वाढवायचे म्हणून मिळेल तिथे नाव घातलंय? आणि माझ्यासारख्या अडाण्याने अशी यादी वाचायची कशी? यादी लांबलचक आहे, इंडेक्स की काय तोही बरा आहे म्हणे, पण त्यावरून काही कळत नाही. भाचीला विचारलं तर ती "मामा तुला नाही कळणार" म्हणून मोकळी झाली.

पांढराकोट

मामा, दोन डगरी वरून दिसतायत, खाली जमीन एकच आहे. मी एंडोक्राइनचा डॉक्टर, लॅबवाला नाही, पण हा विषय आवडीचा म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आपल्याला सगळ्यांना इन्सुलिन म्हणजे साखर खाली आणणारं हार्मोन एवढंच शिकवलेलं असतं. पण पेशीच्या दृष्टीने इन्सुलिन हा "खायला आलंय, आता वाढायला हरकत नाही" असा निरोप असतो. हा निरोप पेशीत शिरला की पीआय३के नावाचं एन्झाइम जागं होतं आणि तिथून पुढे साखर आत घेणं, चरबी साठवणं, प्रोटीन बनवणं, पेशी मोठी होणं, दोनाच्या चार होणं, हे सगळं एकाच माळेतून चालतं. आणि कॅन्सरमधे वारंवार बिघडलेली सापडणारी माळ कुठली? हीच. पीटेन नावाचं जीन या माळेवरचा ब्रेक आहे. तो ब्रेक गेला की पेशी इन्सुलिनच्या निरोपाला नको तितकी साथ देते. जन्मतःच पीटेनची एक प्रत खराब असलेली माणसं असतात, त्याला काउडेन सिंड्रोम म्हणतात, त्यांना ब्रेस्ट, थायरॉइड, गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका बराच जास्त. ऑक्सफर्डच्या टीमने २०१२ मधे न्यू इंग्लंड जर्नलमधे अशाच १५ जणांचा अभ्यास छापला, तर काय निघालं, वजन जास्त, पण इन्सुलिनला शरीर भलतंच छान प्रतिसाद देतंय! म्हणजे एकच जीन बिघडलं तर कॅन्सरचा धोका वर आणि डायबिटीसकडे नेणारा इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, खाली. आता सांगा, हा पेपर कॅन्सर जेनेटिक्सचा की डायबिटीसचा?

अजून एक सांगतो, हे माझं लाडकं आहे. २००७ मधे आइसलँडच्या डीकोड कंपनीच्या लोकांनी प्रोस्टेट कॅन्सरची जीन्स शोधताना १७ नंबरच्या क्रोमोसोमवर दोन जागा पकडल्या, त्यातली एक एचएनएफ१बी या जीनमधली. आता हे जीन आम्हा डायबिटीसवाल्यांच्या जुन्या ओळखीचं, कारण ते मोठ्या प्रमाणात बिघडलं तर मोडी ५ नावाचा घराण्यात येणारा डायबिटीस होतो आणि किडनीतही गाठी असतात. त्यांनी त्याच जागेचा हिशेब टाइप २ डायबिटीससाठी लावून बघितला तर उलटं निघालं, जे रूप प्रोस्टेट कॅन्सरचा धोका थोडा वाढवतं तेच टाइप २ चा धोका थोडा कमी करतं. त्याच टीमने आदल्या वर्षी, २००६ मधे, टीसीएफ७एल२ शोधलं होतं, टाइप २ डायबिटीसशी सगळ्यात ठळक नातं असलेलं कॉमन जीन, आणि ते वंट नावाच्या ज्या साखळीत बसतं ती साखळी म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची मुख्य वाट. तेव्हा एका संशोधकाच्या नावावर आतडं, प्रोस्टेट आणि डायबिटीस एकत्र दिसले तर मला तरी अजिबात आश्चर्य वाटत नाही, उलट एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवणारी बाई असावी असं वाटतं.

आणि ९ नंबरच्या क्रोमोसोमवरचं सीडीकेएन२ए तर कहरच आहे. त्यातून पी१६ नावाचं प्रोटीन बनतं, त्याचं काम पेशीला "आता विभागणी बस" सांगणं. घराण्यात हे खराब असलं तर मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर. पण उंदरांमधे दिसलंय की वय वाढतं तसं पी१६ वाढतं आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नव्याने तयार होणं मंदावतं. म्हणजे कॅन्सरपासून वाचवणारा तोच माणूस म्हातारपणी बीटा पेशींच्या वाटेत आडवा. २००७ च्या मोठ्या टाइप २ जनुक-सर्व्हेंमधेही याच जागेच्या शेजारी खूण सापडली. आता ती खूण नक्की पी१६ मार्फतच काम करते असं म्हणायची घाई नको, पण लोक दोन्हीकडून तिथेच का खणतायत ते लक्षात येईल.

खिडकीतला_कावळा

म्हणजे डॉक्टर, शुगर असली की प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही? आमच्या साहेबांना सांगतो, दोन पेढे जास्त खातील 😀

पांढराकोट

कावळेबुवा, पेढे ठेवा खाली. २०१० मधे अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांनी मिळून एक अहवाल काढला होता त्यात सगळं एकत्र मांडलंय. डायबिटीस असलेल्यांमधे लिव्हर, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर साधारण दुप्पट, मोठं आतडं, ब्रेस्ट, मूत्राशय यांचा सव्वा ते दीडपट, आणि एकट्या प्रोस्टेटचा कमी. एक खाली आणि बाकी वर, तेव्हा सौदा काही फायद्याचा नाही.

जाता जाता एक भारी गोष्ट सांगतो. इक्वाडोरमधे लॅरॉन सिंड्रोमची माणसं आहेत, ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टरच बिघडलेला, त्यामुळे उंची खूप कमी आणि आयजीएफ-१ हे वाढीचं द्रव्य रक्तात अगदी नगण्य. तिथले डॉक्टर हाइमे गेवारा-अगिरे यांनी त्यांना वर्षानुवर्षं फॉलो केलं आणि वॉल्टर लाँगो यांच्याबरोबर २०११ मधे छापलं. ९९ जणांमधे डायबिटीस एकालाही नाही, कॅन्सर फक्त एकाला आणि तोही जीवघेणा नाही. त्यांच्याच नात्यातल्या नॉर्मल उंचीच्या लोकांमधे डायबिटीस ५ टक्के आणि कॅन्सर १७ टक्के. वजन जास्त असूनही! वाढीचा निरोप कमी पडला की दोन्ही आजार मागे हटतात. हा विषय नक्की कुणाच्या अंगणातला आहे हे मला तरी सांगता येणार नाही.

कोरडेवास्तव

डॉक्टरांनी रंगवून सांगितलं, मजा आली, पण मी आकडेवारीतला माणूस, त्यामुळे जरा थंड पाणी ओततो. जीन्सचं नातं खरं आहे हे मान्य. पण मामांच्या यादीत "मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमधे कॅन्सर कमी दिसतो का" हा जो पेपर आहे ना, त्या जातीच्या पेपरांनी जितका गोंधळ घातलाय तितका क्वचित कुणी घातला असेल, त्यामुळे बाईंचा तो पेपर सगळ्यात आधी उघडा, माणूस पारखायला तोच उपयोगी आहे.

गोष्ट अशी. मेटफॉर्मिन पेशीतलं एएमपीके नावाचं एन्झाइम चालू करतं हे २००१ मधे आलं. मग २००३ मधे कळलं की एएमपीकेला चालू करणारा वरचा साहेब म्हणजे एलकेबी१, आणि एलकेबी१ हे तर पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोमचं जीन, ज्यात आतड्यात पॉलिप्स होतात आणि कॅन्सरचा धोका बराच असतो. म्हणजे डायबिटीसची जुनी जाणती गोळी एका कॅन्सर-जीनच्या खात्यात जाऊन काम करते! साहजिकच स्कॉटलंडमधल्या डंडीच्या लोकांनी आपल्या भागातले डायबिटीसचे रेकॉर्ड काढून बघितले आणि २००५ मधे बीएमजे या मेडिकल जर्नलमधे छोटासा पेपर आला, मेटफॉर्मिन घेतलेल्यांमधे कॅन्सर सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. इथपर्यंत ठीक, त्यांनी स्वतःही फार उड्या मारल्या नव्हत्या. पण नंतर जगभर तसल्या अभ्यासांचा पूर आला आणि आकडे इतके गोड यायला लागले की खरे वाटेनात.

मग सामी सुइसा आणि लॉराँ अझुले या दोघांनी २०१२ मधे डायबिटीस केअर जर्नलमधे या अभ्यासांची चिरफाड केली. त्यातली मुख्य चूक समजायला सोपी आहे. समजा मी म्हणालो की ज्यांनी पाच वर्षं गोळी घेतली त्यांचा एक गट आणि ज्यांनी नाही घेतली त्यांचा दुसरा. आता पहिल्या गटात जायचं तर माणसाने ती पाच वर्षं जगायलाच पाहिजे आणि कॅन्सर न होता काढायला पाहिजेत, नाहीतर तो त्या गटात मोजलाच जाणार नाही. म्हणजे गोळीने काहीही केलं नाही तरी पहिला गट चांगला दिसणारच! याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात. कितीतरी अभ्यासांमधे हा होता आणि छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रेफरींनी तसाच सोडला होता.

शेवट काय झाला तेही सांगतो. पामेला गुडविन यांच्या टीमने एमए.३२ नावाची खरीखुरी ट्रायल केली, डायबिटीस नसलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ३६४९ पेशंटना चिठ्ठ्या टाकून मेटफॉर्मिन किंवा नकली गोळी, पाच वर्षं. २०२२ मधे जामा या जर्नलमधे निकाल आला, कॅन्सर परत येण्यात काहीच फरक नाही. मुख्य गटात रिस्कचं गुणोत्तर १.०१ (१ म्हणजे दोन्ही गट सारखेच). इतकी सुंदर जीन्सची कहाणी आणि हाती १.०१.

उलट दिशेनेही तेच झालं होतं. २००९ मधे डायाबेटॉलॉजिया जर्नलमधे एका जर्मन रेकॉर्डवरून आलं की ग्लार्जीन इन्सुलिनने कॅन्सर वाढतो, पेपरात बातम्या, लोक इन्सुलिन बंद करायला निघाले. मग त्याच ग्लार्जीनची ओरिजिन ट्रायल आली २०१२ मधे, १२,५३७ माणसं, सहा वर्षांच्या वर फॉलोअप, कॅन्सरसाठी गुणोत्तर बरोब्बर १.००. इन्सुलिन घाबरून सोडलेल्यांच्या साखरेचं काय झालं असेल तो भाग वेगळाच.

तेव्हा मामा, बाईंचा मेटफॉर्मिनचा पेपर काढा, किती सालचा आहे बघा, २०१२ च्या नंतरचा असेल तर त्यात "टाइम-डिपेंडंट" किंवा "न्यू यूजर" असले शब्द मेथड्समधे आहेत का बघा. म्हणजे गोळी सुरू झाल्यापासूनच माणसाला गोळीवाला मोजलंय, आधीचा काळ फुकट जमा केलेला नाही. असतील तर बाई सावध आहेत. नसतील तर भाचीला म्हणावं कॉलवर अदबीने विचार.

रात्रपाळी

मी कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे, अनेक वर्षं. वरच्या दोघांचं वाचून छान वाटलं पण एक बोलू का, तुम्ही सगळे जीन्स आणि आकडे करताय, आमच्याकडे हे दोन आजार रोज एकाच कॉटवर असतात. त्यामुळे "केमो चालू असताना शुगर कशी सांभाळावी" या पेपरला कुणी दुय्यम समजू नका, असले पेपर कमी लिहिले जातात कारण त्यात नाव होत नाही.

साधं उदाहरण, स्टेरॉइड. उलटी होऊ नये म्हणून, ॲलर्जी होऊ नये म्हणून, लिम्फोमात तर औषध म्हणूनच देतात. सकाळी प्रेडनिसोलोन दिलं की साखर दुपारनंतर चढते आणि पहाटे उपाशीपोटी नॉर्मल असते. आता जिथे फक्त सकाळची साखर बघायची पद्धत आहे तिथे पेशंट दिवसभर साडेतीनशेच्या घरात असतो आणि चार्टवर सगळं आलबेल. दुसरं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट. रक्त चढवलेलं असलं, ॲनिमिया असला की तो आकडा भलतंच काही दाखवतो, आणि केमोच्या पेशंटचं रक्त चढवलेलं नाही असं कितीदा होतं सांगा. तरी नवीन डॉक्टर तीन महिन्यांचा रिपोर्ट मागतातच.

आणि आता नवीन औषधं. अल्पेलिसिब म्हणून गोळी आहे ब्रेस्ट कॅन्सरची, २०१९ मधे अमेरिकेत मंजूर झाली, पीआयके३सीए जीन बदललेलं असेल तरच देतात. डॉक्टरांनी वर सांगितलेली तीच माळ ती बंद करते. मग काय होणार, कॅन्सरच्या पेशीत बंद करायला जावं तर लिव्हरमधे आणि स्नायूतही बंद होते आणि साखर आकाशाला. तिच्या मुख्य ट्रायलमधे ६४ टक्क्यांच्या आसपास पेशंटची साखर वाढली होती, आणि एक तृतीयांशाहून जास्त जणींची गंभीर वाढली होती. इम्युनोथेरपीत तर वेगळंच, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना स्वतःचीच प्रतिकारशक्ती बीटा पेशी खाऊन टाकते आणि माणूस एकदम किटोॲसिडोसिसमधे (इन्सुलिन नसल्याने रक्त ॲसिडिक होतं, जिवावर बेतू शकतं) येतो, आदल्या चेकअपला शुगर नॉर्मल असते. घरच्यांना "अशक्तपणा आहे, केमोमुळे असेल" वाटत राहतं. आम्ही आता प्रत्येकाला सांगतो, खूप तहान, खूप लघवी, उलट्या, तर वाट बघू नका सरळ या.

म्हणून मॅडम हे दोन्ही करत असतील तर मला त्या बऱ्याच वाटतात. बाकी पीएचडीचं मला कळत नाही.

पांढराकोट

सिस्टर, शंभर टक्के. अल्पेलिसिबचा मुद्दा तर लाखमोलाचा, कारण तिथे एक पेच आहे. साखर वाढली म्हणून शरीर इन्सुलिन जास्त ओततं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन जाऊन ज्या माळेला गोळीने दाबलं होतं तिलाच परत उठवतं. लुईस कँटली, ज्यांनी पीआय३के मुळात शोधलं, त्यांच्याच टीमने २०१८ मधे नेचरमधे उंदरांवर हे दाखवलं, साखर-इन्सुलिन खाली ठेवलं तर गोळी जास्त चांगली चालते. म्हणूनच या पेशंटना आम्ही आधी मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन न वाढवणारी औषधं बघतो, इन्सुलिन अगदी लागलंच तर. लागलं की मात्र द्यायचंच.

हे वाचून कुणी घरच्या पेशंटला परस्पर किटो डाएट सुरू करू नका बरं का. त्याच पेपरात नुसत्या किटो डाएटवर ठेवलेल्या रक्ताच्या कॅन्सरच्या उंदरांची तब्येत लवकर ढासळली होती, तो परिच्छेद व्हॉट्सॲपवर फिरत नाही.

ग्रंथकीटक

मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे, मला यातलं विज्ञान अर्धंमुर्धं कळतं पण यादी कशी वाचायची या मामांच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाहीये.

मामा, पहिली गोष्ट, ती यादी एकाच बाईंची आहे का ते बघितलंत का? पबमेडवर आडनाव आणि इनिशियल टाकलं की त्या नावाचे जगातले सगळे येतात. कॉमन आडनाव असेल तर एक कॅन्सरवाली बाई आणि दुसरा कुठला तरी डायबिटीसवाला बाबा, दोघांची खिचडी होते आणि आपल्याला वाटतं काय अष्टपैलू व्यक्ती आहे. यासाठी ऑर्किड नंबर बघायचा, सोळा आकडी असतो, २०१२ पासून आहे, संशोधक स्वतः आपले पेपर त्याला जोडतो. बाईंच्या कॉलेजच्या पानावर तो नंबर असेल, त्यावरून जा.

दुसरं, नाव कितव्या नंबरावर आहे. मेडिकलमधे साधारण रीत अशी की पहिलं नाव प्रत्यक्ष घाम गाळणाऱ्याचं आणि शेवटचं ज्याची लॅब त्याचं. मधली नावं म्हणजे कुणी सँपल दिलं, कुणी आकडेमोड केली, कुणी आणखी काही. जेनेटिक्समधे तर कन्सॉर्शियमचे, म्हणजे अनेक लॅबनी मिळून केलेले पेपर असतात, शेकडो लेखक, पानभर नुसती नावं. त्यात नाव असणं वाईट नाही, सँपल गोळा करायला लोकांची उमेदीची वर्षं जातात, पण म्हणून तो शोध त्या बाईंचा असं होत नाही. आणि अशा एका पेपरला हजारांनी सायटेशन मिळतात, म्हणजे दुसरे लोक त्याचा हवाला देतात, त्यामुळे मामा तुम्ही जो इंडेक्स म्हणताय, तो एच-इंडेक्स, अशांचा आपोआप फुगतो. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मधे काढलेलं ते माप, त्यात पहिलं नाव आणि दोनशेवं नाव सारखंच मोजलं जातं. मी तर पोरांना सांगते तो आकडा बघूच नका, शेवटच्या पाच-सहा वर्षांतले ज्यात बाई शेवटच्या नावावर आहेत तेवढे पेपर काढा आणि त्यात पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. ती बहुतेक त्यांची पीएचडीची पोरं असतात. एकाच पोराचं नाव सारखं आहे की प्रत्येकाला काहीतरी मिळालंय? ती पोरं नंतर कुठे गेली? गाइड निवडताना हे जीन्सपेक्षा महत्त्वाचं.

बंड्यामामा

बाप रे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. रात्री बसून ग्रंथकीटक ताईंच्या पद्धतीने केलं. ऑर्किड मिळाला. पायाच्या जखमांवरचे काही पेपर दुसऱ्याच कुणाचे निघाले, ते गळाले. कॅन्सरच्या जीन्सचे बरेचसे पेपर कन्सॉर्शियमवाले आहेत आणि नाव कुठेतरी पोटात. पण प्रोस्टेट आणि डायबिटीस एकत्र असलेले जे थोडे आहेत त्यात बाई शेवटी आहेत आणि पहिली नावं वेगवेगळी. मेटफॉर्मिनचा २०१५ चा आहे, मेथड्समधे "टाइम-डिपेंडंट" शब्द सापडला (वास्तवराव, शोधताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं), आणि निष्कर्षात त्यांनी फायदा दिसत नाही असंच लिहिलंय.

पण मग मला एक कळेना. जीन्सचं नातं इतकं घट्ट आणि औषधाच्या ट्रायलमधे मात्र १.०१. मग या जेनेटिक्सचा पेशंटला उपयोग काय? कधी झालाय का कुणाला?

पांढराकोट

झालाय की. पण "धोका थोडा वाढतो, थोडा कमी होतो" वाल्या जीन्सचा पेशंटपाशी उपयोग अजून माफकच. उपयोग झालाय तो एकाच जीनमुळे होणाऱ्या आजारांमधे. इंग्लंडमधल्या एक्झेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांची माणसं घ्या. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत डायबिटीस झालेली मुलं, सगळे टाइप १ समजून आयुष्यभर इन्सुलिन टोचायचे. २००४ मधे कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांमधे केसीएनजे११ हे जीन बदललेलं आहे, बीटा पेशीचं एक दार उघडंच राहतं म्हणून इन्सुलिन बाहेर पडत नाही. आणि ते दार बंद करणारं औषध आमच्याकडे पन्नास वर्षं पडून होतं, सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या! २००६ मधे छापलं, ४९ पैकी ४४ जणांचं इन्सुलिन बंद झालं. मोडी ३ मधेही, एचएनएफ१ए जीनमुळे होतो तो, त्याच गोळ्या छान चालतात. अशी मुलं आणि तरुण अजूनही टाइप १ च्या शिक्क्याखाली सापडतात, म्हणून घराण्यात तीन पिढ्या कमी वयात शुगर आणि अंगाने बारीक असं असेल तर विचारत जा डॉक्टरांना.

कॅन्सरच्या बाजूचं उदाहरण म्हणजे स्वादुपिंड. तिथे जीन नाही पण डायबिटीसच खूण म्हणून वापरायचा प्रयत्न चाललाय. मेयो क्लिनिकच्या सुरेश चारी यांनी २००५ मधे दाखवलं की पन्नाशीनंतर नव्याने डायबिटीस झालेल्यांपैकी ०.८५ टक्के लोकांना तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. कारण तिथे बऱ्याचदा कॅन्सर आधी असतो आणि साखर त्याच्यामुळे वाढलेली असते. आकडा लहान आहे, प्रत्येकाचा स्कॅन काढत बसलो तर शंभरातले नव्याण्णव उगाच घाबरतील, म्हणून त्यांनी नंतर २०१८ मधे वय, वजन किती घटलं आणि साखर किती झपाट्याने चढली यावरून एक स्कोअर काढला. साखर वाढतेय आणि वजन मात्र उतरतंय, असा साठीचा माणूस समोर आला की मी तरी थांबतो.

भाची_स्वतः

मी तीच भाची. मामाने लिंक पाठवली, "तुला नाही कळणार" हे सगळ्यांना सांगितल्याबद्दल त्याचा हिशेब घरी होईल.

कॉल परवा आहे. मॅडमनी जो प्रोजेक्ट सुचवलाय तो मेंडेलियन रँडमायझेशनचा आहे, म्हणजे ज्या लोकांमधे जन्मतःच जीन्समुळे इन्सुलिन जास्त असतं किंवा डायबिटीसकडे कल असतो त्यांच्यात कॅन्सर जास्त आहे का हे बघायचं, म्हणजे कोण आधी कोण नंतर हा घोळ टळतो. मी वाचलेल्यात गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा २०१५ चा आणि स्वादुपिंडाचा २०१७ चा पेपर होता, दोन्हीत जास्तीच्या इन्सुलिनशी नातं निघालं पण डायबिटीसच्या जीन्सशी नाही निघालं. मला ते फार आवडलं, साखर नाही तर इन्सुलिन दोषी. कोरडेवास्तव सर, यात काय मेख आहे? काहीतरी असणारच तुमच्या मते.

कोरडेवास्तव

सर वगैरे नको. मेख डॉक्टरांच्या पहिल्या पोस्टमधेच आहे. ही पद्धत कधी चालते, तर तुम्ही निवडलेलं जीन फक्त इन्सुलिनमार्फत कॅन्सरपर्यंत पोचत असेल तरच. आता डायबिटीसच्या जीन्सच्या यादीत टीसीएफ७एल२, एचएनएफ१बी, ९ नंबरवाली जागा, सगळे बसलेत, आणि ते साखरेचा रस्ता न धरता सरळ पेशीच्या वाढीत हात घालू शकतात. एचएनएफ१बी ठेवलंत तर "डायबिटीस प्रोस्टेटपासून वाचवतो" असं उत्तर येईल आणि कदाचित ते डायबिटीसचं उत्तरच नसेल, त्या एका जीनचं असेल. एकेक जीन काढून उत्तर हलतं का ते बघावं लागतं. इन्सुलिनच्या बाजूला उलटी अडचण, २०१५-१७ च्या वेळी उपाशीपोटी इन्सुलिनची खात्रीची जीन्स मोजकीच होती आणि त्यातली काही वजन-चरबीच्या वाटेने येतात, मग दोषी इन्सुलिन की चरबी हे सुटं करायला लागतं. करता येतं, पण कष्ट आहेत.

मॅडमना एवढंच विचार की काम फक्त छापून आलेल्या समरी आकड्यांवर करायचंय की माणसागणिक डेटा हातात मिळणार आहे. नुसत्या समरीवर असले पेपर आता कुणीही लॅपटॉपवर दोन दिवसात पाडतो आणि जर्नलवालेही वैतागलेत. माणसागणिक डेटा असेल, सोबत इन्सुलिन मोजलेलं असेल आणि कॅन्सर रजिस्ट्रीशी जोडणी असेल, तर घे. आणि त्यांच्या जुन्या पोरांपैकी एकाचा नंबर माग, ग्रंथकीटक म्हणतायत तसं.